नांदेड ते लातूर, सरळ हवेतून

नांदेड, रविवार

आदरणीय केरबादादांना धाकट्या साडूचा रामराम. तुमचा गुडघा आणि अक्कांची साखर, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो.

मी आजवर स्वतःच्या हातानं अकरा कूलर, एक कडबाकुट्टी आणि घराचा जिना केला (पायऱ्या चौदा, सगळ्या एका उंचीच्या, शेजाऱ्याच्या गवंड्यानं केल्यात, त्या मोजून पाहा). कुणाकडं शिकलो नाही. तेव्हा तुमच्या शेजारी सुमनबाईंच्या घरी जे झालं, ते मोजमापाच्या चुकीनं झालेलं नाही, हे आधी लिहितो. तुम्ही त्या दिवशी मुरुडला गेला होतात, म्हणून सविस्तर.

सुमनबाईंनी तुमच्याकडून निरोप धाडला होता की आमचा सत्यम पसंत आहे, पण नांदेड लई लांब, तनुजाला तिकडं देणार नाही. दादा, हे न मोजता बोललेलं बोलणं. मी भिंतीवर नकाशा लावून दोरा ताणला. सरळ हवेतून एकशे पंधरा किलोमीटर. छोटं विमान ताशी चारशेचं धरलं तर सव्वासतरा मिनिटं. मग प्लायवूडचे दोन्ही जिल्हे कापले, तारेवर पत्र्याचं विमान बसवलं आणि तो नमुना घेऊन आम्ही बापलेक सकाळी सातच्या जीपनं निघालो. (नमुना टपावर, तरी अर्ध्या सीटचं भाडं घेतलं.) अहमदपूरच्या अलीकडं जीप बंद पडली. दोष डिझेलच्या नळीत होता. ड्रायव्हर ऐकेना, म्हणून मीच नळी काढली. काढली ती बरोबरच; बसवायला वेळ लागला. अकराला पोचायचे ते साडेतीनला पोचलो. पोहे वाट पाहून पाहून वाळले होते.

तरी बाईंनी मान ठेवला. मी विमान सोडलं, ते सरकन लातूरला गेलं. बाईंनी नीट पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, ह्या दोन गावांत असलं इमान चालतंय का?"

चालत नाही, हे मी कबूल केलं. (अंतर त्यानं बदलत नाही.)

"मंग माझी लेक काय तारंवरून येणार हाय माहेरी?"

तनुजा हसली. सत्यमही हसला, आणि तो आमच्या बाजूचा होता.

आपला,
ग्यानोबा

ता. क. : सत्यम चार दिवसांपासून जेवून राहिला, पण माझ्याशी बोलून नाही राहिला. पोरांनी एकमेकांना पसंत केलंय, स्थळ मोडू देऊ नका. अहमदपूर दोन्हीकडून जवळपास सारखंच पडतं. तिथं एखादी खोली आणि दुकानाचा गाळा मिळतो का, तेवढं बघा. बाईंपुढं माझं नाव काढू नका.

आणखी एक : निघताना बाई म्हणाल्या होत्या, पोरालाच लातूरला पाठवा, मोटार वाइंडिंगचं दुकान आम्ही घालून देतो. मी तिथल्या तिथं नको म्हणालो. एकुलता एक पोरगा, आणि लातूर फार लांब पडतं. रक्कम तीन लाख होती.