निळी रेघ राहिली

रविवार
पहिली टपकली ती अस्मिता, म्हणे सकाळपासून उपाशी. मागून चेतना. दोघी माझ्या नातीच्या, ऋताच्या, डॉक्टरकीच्या मैत्रिणी. कांजूरमार्गची खोली सोडून मुलुंडला देवदत्तकडे, मुलाकडे, राहायला आले ना, तेव्हापासून एवढी हसले नव्हते बाई! पोरींना परीक्षेच्या अभ्यासाला अंग हवं होतं. म्हटलं, घ्या गं माझं, नाहीतरी दुखण्यापलीकडे कामाचं नाही. दार लावून ऋताने लाल पेनने डाव्या खांद्यावर रक्तवाहिनी काढली. गळ्याच्या हाडाखालून निघते, काखेतून दंडात उतरते. पहिल्या टप्प्यात एक फांदी, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. कुणी छातीला, कुणी खांद्याला, कुणी पाठीला. मी लगेच पाठ म्हणून दाखवलं, चौथी पास आहे म्हटलं! रेघ थेट बोटांपर्यंत नेली. ही रक्त नेणारी. परत आणणारी निळी काढणार, तर मीच ओरडले, पोहे गार होतायत. मग ती पुढच्या रविवारी काढू म्हणाल्या. होस्टेलवर परत जाताना ऋताने ही वही आणि निळं पेन दिलं, लिही आजी, करमेल म्हणाली.

सोमवार
आंघोळीत रेघ गेली नाही. पण खांदा एकदम झकास! कधीचा वर होत नव्हता, आज दोन्ही हातांनी वेणी घातली. हात कसा उबदार.

मंगळवार
हात जड झालाय. पाटली रुतली. पाय मात्र गार, पांढरेफटक. आणि लाल रेघ नाडीसारखी उडते, फांद्यांसकट. देवदत्तला दाखवली तर म्हणाला, आई, कुठली रेघ, कधीच पुसली. डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, वयाची सूज.

बुधवार
कळलं मला. रक्त हातात जातंय, परत येत नाही. निळी काढलीच नाही ना — पोह्यांपायी. देवदत्त म्हणाला, पोह्यांचा आणि रक्ताचा काय संबंध, झोप जरा. ऋताचा फोन बंद. बोटं वांग्यासारखी काळी —

गुरुवार
मीच काढली निळी. ऋताने दिलेल्या पेनने, बोटांकडून वर — मनगट, कोपर, दंड — सूज उतरली, खरंच उतरली! काखेतून छातीकडे वळवली आणि पेन संपलं. मेली माझी बडबड, सगळी शाई वहीत घातली. घरात दुसरं पेन नाही, सगळे मोबाइलवाले. देव्हाऱ्यातली पेन्सिल मिळाली, तिने लिहितेय — अंगावर उमटत नाही ती. रेघ काळजाच्या दोन बोटं अलीकडे थांबलीय. रक्त तिथवर येतं आणि — फुगतंय — कातडी ताणली — घरात कुणी नाही — मुली रविवारी येऊ म्हणाल्यात, आज तर गुरु