राखेचा रंग येईस्तोवर

बाबा, आज तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवतच नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या तुमच्या पोरीनं आज कॉलेजातल्या नातीला शिकवलं! उद्या तिचं प्रदर्शन आहे, अन् दोन दिवसांपासून ती चेरीतालच्या आपल्या घराच्या गच्चीवर निळे फोटो करून राहिली. कॅमेरा नाही, काही नाही. मसाला लावलेल्या कागदावर पान ठेवायचं, वर काच, अन् ऊन. पण पाण्यात धुतला की कागद कोरा. पोरगी रडकुंडीला आली.

तिनंच मला फोटोच्या सुरुवातीच्या काळातल्या एका विलायती माणसाची गोष्ट सांगितली. लग्नानंतर बायकोला घेऊन तो तलावावर गेला. बायको झरझर चित्रं काढे, याच्या हातून एक झाड धड निघेना. त्या चिडीतून यानं कागदाला मीठ अन् चांदीचा मसाला लावला, अन् उन्हाकडूनच चित्र काढून घेतलं! घरभर लाकडी डबे मांडून ठेवायचा, तर बायको त्यांना उंदराचे पिंजरे म्हणे. मी तर हसून हसून लोळली. हा निळा कागद त्याच्या दोस्तानं शोधला, नात म्हणते. म्हणजे तुमच्या कामाचाच की!

फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात तुम्ही याच कागदावर मशीनचे नकाशे उतरवायचे, अन् उरलेल्या पट्ट्या घरी आणायचे. अजून डोळ्यांपुढं आहे: मी मेथीची काडी ठेवली आहे, काचेखाली कागद निळा निळा होतो, मी घाईनं उचलते, अन् तुम्ही ओरडता, "काहून काढला? सुंदर दिसला म्हणजे झाला नाही. राखेसारखा भद्दा होऊ दे, मग धू." मी रडली, तर आई स्वयंपाकघरातून म्हणते, "पोरीवर काय ओरडता, भाजी तर माझी गेली ना!"

आज ही पोट्टी मोबाईलवर मिनिटं मोजून राहिली. निळा दिसला की हात पुढे. मी म्हटलं, "थांब."

"आजी, जल जाएगा!"

"जळू दे."

राखेचा रंग आला तेव्हाच बादलीत टाकू दिला. अन् बाबा, काय सांगू! शेवग्याची एकेक पत्ती पांढरीशुभ्र, भोवती भेडाघाटच्या नर्मदेच्या डोहासारखा निळा. ती गळ्यातच पडली. "आजी, तुम्हें कैसे पता?"

इथं तुमचं नाव घ्यायचं होतं. पण ती माझ्याकडे अशी पाहून राहिली होती, की मी पदर सावरून म्हटलं, "मला ठाऊकच असते." हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकते. आजचा एक दिवस राहू द्या ना बाबा, माझ्या नावावर.