दुसऱ्या मशीनचा आकडा

नाशिक,
२२ सप्टेंबर २०२५

प्रिय दादा,

मागच्या पत्रात मी तुला एक आकडा चुकीचा कळवला. दुसऱ्या मशीनने दहा सेकंदांत पाव मिलिमीटर लोखंड घासून काढलं, असं मी लिहिलं होतं. मी ते मोजलं होतं, मनाने लिहिलेलं नव्हतं. पण त्या मशीनवर तेव्हा जुना, झिजलेला पट्टा होता आणि बाकीच्या दोन्हींवर कोरे. काल मी तिन्हींवर साठ नंबरचे नवे पट्टे चढवले, तिन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज केल्या आणि चौकोनी पाइपाच्या एकाच तुकड्यावर पुन्हा सगळं केलं. पहिल्याने पाव मिलिमीटर काढलं, तिसऱ्याने किंचित जास्त. दुसऱ्याने पाऊण. व्हर्नियर तीनदा लावला, पाऊणच आलं. आपण रेलिंगला वापरतो त्या पाइपाची भिंत दीड मिलिमीटरची असते, हे तुला मी सांगायला नको.

तू एवढंच विचारलं होतंस, की बॅटरीवरची बेल्ट फाइल घ्यायची तर कुठली घेऊ. बोटभर रुंदीचा खरखरीत पट्टा फिरवून लोखंड घासणारं एवढंसं ते मशीन, त्यावर मी चार पानं लिहिली. आई म्हणाली, "मुलगा बघायला निघालीस की मशीन?" पहिलं हलकं आहे, मला एका हाताने पेलतं, पण कोपऱ्यात जरा दाबलं की पट्टा सरकून बाहेर येतो. तिसरं जड आहे, मनगट भरून येतं, पण त्याला वेग कमी करायची चकती आहे आणि जास्त दाबलं की ते गुरगुरतं, त्यामुळे आपण सावध होतो. दुसऱ्याचं नाक सगळ्यांत अरुंद. जिन्याच्या रेलिंगच्या कोपऱ्यात सहज शिरतं, आवाज नाही, हादरा नाही. मशीन विकणारा दुकानदार म्हणतो, "ताई, लोण्यावर सुरी फिरवल्यासारखं वाटेल बघा." खरंच तसं वाटतं. हाताला काहीच कळत नाही. हे वाक्य मी मागच्या पत्रात त्याच्या गुणांमध्ये लिहिलं होतं.

मी बालवाडीत गेले नाही, ते तुला आठवतं. मला अंक शिकवले अण्णांनी, ड्रिलच्या बिटांवरून, आणि डावं-उजवं शिकवलं स्क्रूवरून. पाच वर्षांची होते तेव्हा त्यांनी हातात लहान कानस दिली. दहा हात मारायचे, थांबायचं, जोडावरून नख फिरवायचं. पुन्हा दहा हात. "डोळ्याला सगळंच गुळगुळीत दिसतं, नखाला विचार," असं म्हणायचे. माझ्या नखांत काळं साचलेलं बघून तू चिडवायचास, "काय गं ओवी, मेंदी कुणाच्या लग्नाची?" त्या शिकवणीत काही अवघड नव्हतं. म्हणूनच ती मोडताना मला काही मोडतंय असं वाटलं नाही.

इकडचं सांगते. अण्णांचा मोतीबिंदू वाढलाय, ऑपरेशन ते दिवाळीनंतर, दिवाळीनंतर करतात. आज घट बसले. मखमलाबादच्या लंकाबाई दरवर्षीसारख्या खंडेनवमीला आपल्या हत्यारांसाठी झेंडू घेऊन येणार आहेत, तसा निरोप पाठवलाय. पडून मोडलेला त्यांचा खुबा बसला, पण पाय आखूडच राहिला. मळ्यात वाकता येत नाही, म्हणून दारातच पाटावर बसून फुलं निवडतात. परवा मला बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "तुझ्या भावाला सांग, मी त्याला शिव्या देत नाय. पोरगं वाईट नव्हतं गं, घाईचं व्हतं." मी मान हलवली. मी फक्त मान हलवली, दादा.

आणि आपल्या दुकानातला तो तुकडा अजून खिळ्यावर आहे. दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीला लंकाबाई झेंडूची पाटी घेऊन त्यांच्या घराच्या गच्चीवरून उतरत होत्या, त्यांनी तू जोडलेल्या रेलिंगवर भार टाकला आणि वरचा जोड सुटला, तोच तुकडा. अण्णांनी तो कापून आणला आणि टांगला. त्या दिवशी सगळ्यांदेखत ते तुला म्हणाले, "ज्ञाना, याला जोड म्हणतात? नुसता टाका मारलायस." चौथ्या दिवशी तू मनमाडला गेलास. नवीन गिऱ्हाईक आलं की अजून ते बोट दाखवतात, "हे बघा माझ्या पोराचं काम. तेव्हापासून एकेक जोड मी स्वतः तपासतो." मी त्याच खिळ्याखाली बसून काम करते.

तुझ्या पत्रात एक ओळ होती. "वेल्डिंग मी आता करत नाही, हाताचा भरवसा नाही. जोड दुसरे मारतात, मी नुसता घासून देतो, म्हणून हे मशीन हवंय." ती ओळ वाचल्यापासून मी दुकानात भंगाराचे तुकडे घासत बसले आहे.

मागच्या पत्रात दुसरीही एक चूक आहे. बेल्ट फाइल मी पहिल्यांदा या मे महिन्यात हातात धरली, असं मी लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी दुकानदाराने हेच दुसरं मशीन आठवडाभर वापरून बघायला आपल्याकडे ठेवलं होतं. तू आणि अण्णा पाइप आणायला गेला होतात. लंकाबाईंच्या रेलिंगचे जोड कानशीने घासायचं काम माझ्याकडे होतं. त्या म्हणाल्या होत्या, "जोड दिसायला नको बाई, नातीचा हात ओरखडंल." मी मशीन घेतलं. ठिणग्या उडत होत्या म्हणून हातमोजे घातले. मोज्यातून नख कसं फिरवणार? जोड आरशासारखा झाला. मला इतका आनंद झाला की आणखी थोडा घासला. तू आलास, रंगाचा पहिला हात मारताना म्हणालास, "ओवे, जोड सापडत नाही गं!"

गेल्या आठवड्यात अण्णा जेवायला घरी गेले तेव्हा मी तो तुकडा खिळ्यावरून काढला आणि रंग खरवडला. कानशीचे ओरखडे तिरके असतात. हे सरळ आहेत, पाइपाच्या लांबीला धरून. वरच्या बाजूला तुझं वेल्डिंग उरलेलंच नाही आणि भिंत अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. खालची बाजू मी त्या दिवशी घासली नव्हती, कुणाला दिसत नाही म्हणून. तिथे तुझी वेल्डिंगची रेघ शाबूत आहे. भरीव, एकसारखी, एक भोक नाही. मी मोजा न घालता त्यावर नख फिरवलं. अण्णांनी या तुकड्यावरून कधी नख फिरवलंच नाही, की फिरवलं आणि गप्प राहिले, ते मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

तेव्हा मी का बोलले नाही? घाबरले. मग तू गेलास आणि रोज सांगणं आणखी अवघड होत गेलं. तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, आकडा कमी निघाला तर दोष माझा नसेल, म्हणून मुद्दाम जुना पट्टा लावला. तेच तुला पाठवलं. फोनवर अण्णांचं नाव निघालं की तू ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. तुझ्या हाताला काही झालेलं नाही, दादा. मशीन घ्यायचंच असेल तर तिसरं घे, पण त्याआधी स्वतः एक जोड मारून बघ. खंडेनवमीला हत्यारं मांडली, लंकाबाई फुलं घेऊन आल्या, की अण्णांनी पहिलं कुंकू लावायच्या आत मी तो तुकडा मध्ये ठेवून सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू यावंस अशी अट नाही, माफ करावंस असंही म्हणत नाही. पण तुझ्यामागे बोलले असं व्हायला नको, म्हणून दिवस कळवते: बुधवार, १ ऑक्टोबर, सकाळी नऊ वाजता.

तुझीच,
ओवी