रूथला वाचता आलेला एकच मेसेज

११ ऑगस्ट, सोमवार
ट्रेनमध्ये आमच्या वॉटफर्डच्या मराठी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडला. त्यात मंडळातल्या ज्येष्ठ नानांचा फॉरवर्ड. ज्यूंच्या छळछावण्या, गॅस चेंबर्स, सगळं म्हणे युद्ध जिंकलेल्यांनी रचलेलं कुभांड. इंग्रजीत, लांबलचक. खाली सात जणांचे जोडलेले हात.
ग्रुपमध्ये रूथ आहे. आमची शेजारीण, ज्यू. गणपतीचं मखर आठ वर्षं तिच्याच गॅरेजमध्ये असतं, म्हणून मीच तिला घेतलं होतं. बिचारीला आमचं मराठी ओ की ठो कळत नाही. नेमकं हेच तिला वाचता येणारं.
अ‍ॅडमिन मी. ९.४०ला डिलीट केला. आला होता ७.०५ला.

१२ ऑगस्ट
वाचलाय तिने. दारातच विचारलं, पाठवणारा कोण, चिवडा आणणारा का? हो म्हटलं. नाना दर दिवाळीला तिच्यासाठी बिनमिरचीचा चिवडा वेगळा करून घेतात. मग तिने आईचं सांगितलं.
तिची आई चौदाव्या वर्षी एकटी इंग्लंडात आली. मागे राहिलेले आईवडील, दोन भाऊ, कोणी उरलं नाही. मी सॉरी म्हटलं. तर म्हणाली, तू थोडंच पाठवलंस?

१४ ऑगस्ट
मैत्रीण मीनलला फोन. ती इथे वकील, सॉलिसिटर. जर्मनीत असं नाकारणं गुन्हा, इथे नुसतं नाकारण्यावर कायदा नाही. द्वेष भडकवला वगैरे सिद्ध करावं लागेल. मग तिनेच विचारलं, "तुला नानांना पोलीस स्टेशनला न्यायचंय का?"
नाही गं बाई. वॉटफर्डात नवीन आले तेव्हा महिनाभर स्वतःच्या घरी ठेवून घेतलंय त्यांनी मला. फक्त "चुकलं" म्हणावं, एवढंच हवंय. त्याला कुठल्याच देशात कायदा नसणार.

१७ ऑगस्ट, रविवार
नानांकडे. आधी चहा, मग त्यांनी घातलेलं सफरचंदाचं लोणचं. धीर करून विषय काढला. चिडले नाहीत. "मी कुणाला शिवी दिली का? प्रश्न विचारला. इथे बोलायचं स्वातंत्र्य आहे ना?"
रूथच्या आईचं सांगितलं. चेहरा उतरला, खरंच उतरला. वाटलं, आता "चुकलं" म्हणतील.
म्हणाले, "बिचारीला लहानपणापासून तेच सांगितलं असेल."
निघताना त्यांनी दिलेली लोणच्याची बाटली घेऊन घरी आले. घेतली का, म्हणून माझाच मला राग.

२० ऑगस्ट
कमिटीची मीटिंग. ठपका माझ्यावर! वडीलधाऱ्यांचा मेसेज परस्पर डिलीट केला, आधी फोन करायला हवा होता. रूथसाठी वेगळा इंग्रजी ग्रुप काढू, असंही ठरलं. म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला. मखर कधी आणायचं यावर वीस मिनिटं. मी मीटिंगचं इतिवृत्त लिहिलं.

२३ ऑगस्ट, शनिवार
मखर आणायला गेले. रूथने गॅरेज झाडून ठेवलं होतं, दरवर्षीसारखं. मग फोन पुढे करून म्हणाली, बाकीच्या मेसेजेसमध्ये काय असतं? आठ वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. आरतीच्या वेळा, मोदक, पार्किंग, मी म्हटलं.
"वाचून दाखवशील?"
हो म्हटलं. उद्या चारला.
घरी येऊन ग्रुप मागे मागे वाचत गेले. मार्चमध्ये नानांचा फॉरवर्ड. तोच मजकूर, मराठीत. खाली जोडलेल्या हातांची रांग, त्यात पहिले माझे. मी वाचलाही नव्हता. नानांचं काही आलं की मी हात जोडते, सगळेच जोडतात.
इतका जुना आता डिलीटही होत नाही.
उद्या तेवढा एक वगळला तर तिला कळणारही नाही.