आरशातली निळी गाडी

सोमवार, ९ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई,

सप्रेम नमस्कार. आईंच्या खुब्याचं कसं आहे? भिंत न धरता स्वयंपाकघरापर्यंत जातात का आता? आमच्या ताईचा त्यांना निरोप आहे की आजारपणात लेकीवर मनसोक्त चिडून घ्या, बरं झाल्यावर ती सोय राहत नाही. ताई मजेत आहे. मेहुणे गेल्यापासून ती माझ्याकडे राहते, असं मी लोकांना सांगतो. मी तिच्याकडे राहतो, असं ती सांगते.

दुकानात लग्नाच्या कोटांची गर्दी आहे. दोन कोट कापून टेबलावर पडलेत आणि मी हे लिहीत बसलोय. फोन करता आला असता. पण फोनवर मी कसा बोलतो ते तुम्ही ऐकलंय, तोंडात टाचण्या धरल्यासारखा.

तर, क्लबची रेस झाली. तुम्ही आईंकडे राहायला गेल्यानंतर झालेल्या रेसबद्दल मी आजवर काही कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. गेलो, गाडी फिरवली, घरी आलो. या वेळी मात्र घडलं.

शनिवारी सरावात माझी गाडी चौथा गिअर धरून ठेवेना. पाण्याच्या टाकीपासून जो लांब उतार लागतो, तिथे ऐन वेगात दांडा खटकन सुटायचा आणि इंजिन असं किंचाळायचं की झेंडेवाल्या काकांनी कानांवर हात ठेवले. एक हात स्टिअरिंगवर आणि एक दांड्यावर, अशा थाटात मी फेऱ्या मारल्या आणि शेवटून दुसरा आलो. शेवटच्याची गाडी सुरूच झाली नव्हती.

बँकेचे मॅनेजर माझी दशा बघायला मुद्दाम पिटमध्ये आले. तेच, हिरव्या गाडीवाले, ज्यांना तुम्ही ‘व्याजदर’ म्हणायचात, कधी खाली येत नाहीत म्हणून.

“मास्तर, गिअरबॉक्स उघडावा लागणार.”

“रेस उद्या आहे हो.”

“मग उद्या आराम करा,” म्हणाले आणि गोड हसले.

ताई घडीच्या खुर्चीवर बसून स्टॉपवॉच पुसत होती. मान वर न करता म्हणाली, “दांडा मागे ओढून धरायचाय, एवढंच ना? दुकानात इलॅस्टिकचं रीळ पडलंय. गावाच्या पँटी त्याच्यावर टिकतात, तुझा एक गिअर टिकणार नाही?”

बाई, टिकला! रुंद पट्टीचे दोन पदर शिवून सीटच्या पायाला अडकवले, पुढे फासा केला. चौथा टाकला की फासा दांड्यावर चढवायचा, वळण आलं की काढायचा. रविवारी सकाळी सगळा पिट हसायला जमला होता. तुम्ही असतात तर सगळ्यात मोठ्याने हसला असतात, आणि मग वाकून माझी शिवण तपासली असती.

आणि तेवढ्यात तुमची गाडी आली.

फाटकातून ते निळं नाक आत वळलं आणि मला वाटलं, तुम्हीच आलात. मी हातातला पाना खाली ठेवला. केसांवरून हात फिरवला. ताईने ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं, जे ती कधी करत नाही. गाडीतून एक दंतवैद्य उतरला. उंच, हसरा, माझ्या भाच्याच्या वयाचा. डाव्या दिव्यावर तुमची ती पट्टी अजून तशीच आहे, जनावरांच्या पायाला बांधता ती. त्याने अदबीने नमस्कार केला, गाडी गेल्याच महिन्यात घेतली म्हणाला.

गेल्या महिन्यात आपण फोनवर बोललो होतो. हवेबद्दल बोललो. तुमच्या दवाखान्यातल्या आंधळ्या मांजराबद्दल बोललो.

विकायचा हक्क तुमचा. मी कोण विचारणारा? पण तोवर मी समजून चाललो होतो की आई हिंडूफिरू लागल्या की तुम्ही परत याल. तसं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात. मीच माझ्याशी ठरवून टाकलं होतं.

असो. रेस.

मी मागून सुटलो. सुरुवातीच्या धक्काबुक्कीत दोघंतिघं गवतात गेले, तेवढा पुढे सरकलो. मग निम्म्या रेसपर्यंत फासा चढव, फासा काढ, आणि एकेकाला गाठ. शेवटी पुढे उरले दोनच. व्याजदर, आणि त्यांच्या मागे तुमची गाडी.

टाकीखालच्या वळणाला तुम्ही ब्रेकला हात लावत नाही. म्हणजे पाय. नुसता ॲक्सिलरेटर सोडायचा, गाडी आपोआप आत वळते. तुमच्या मागे राहून मी ते वर्षानुवर्षं पाहिलंय. दंतवैद्याने तिथे भक्कम ब्रेक मारला. मी तुमच्या हिशोबाने चाललो होतो, थोडक्यात वाचलो, नाहीतर त्याच्या डिकीतच शिरलो असतो! कसाबसा बाहेरून निसटलो आणि पुढे गेलो.

मग आरशात पाहिलं.

तेच नाक, तीच पट्टी, आरसाभर. आता डावीकडून येईल, आता उजवीकडून, तशीच हुलकावणी. आत कोण आहे ते मला पक्कं माहीत होतं. तरी हेल्मेटच्या आत मी हसत होतो. समोर व्याजदर दमले होते, त्यांचे मागचे टायर घसरत होते, आणखी थोडा जोर लावला असता तर सापडलेच असते. पण जोर लावला तर निळी गाडी मागे पडली असती. मी उतारावर पाय हलका केला. ती जवळ आली. पुढच्या फेरीला पुन्हा हलका केला. असं करत शेवटच्या सरळ रस्त्यावर दंतवैद्य माझ्या शेजारून पुढे गेला. मी तिसरा.

ताईने स्टॉपवॉच माझ्या नाकासमोर धरलं. “शेवटी शेवटी तुझा वेळ वाढत गेला. गिअर सुटत होता का?”

“हो,” मी म्हणालो.

तिने वाकून इलॅस्टिक ओढून पाहिलं. पट्टी जशीच्या तशी होती. मग थर्मासमधला चहा ओतला आणि माझ्या हातात दिला.

दंतवैद्य धावतच आला. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, “मास्तर, डॉक्टरबाईंनी गाडी देताना बजावलं होतं, तिथे एक टेलर मास्तर आहेत, त्यांच्या मागे राहा, सगळं शिकाल. आणि म्हणाल्या, त्यांना सांगू नका मी काय म्हणाले ते.” मग जीभ चावली. पोरगा चांगला आहे. टाकीखालचं वळण कसं घ्यायचं ते त्याने विचारलं. दुसरं काहीही सांगितलं असतं, पण तेवढं एक मी सांगितलं नाही.

घरी येताना गाडी ट्रेलरवर आणि ताई शेजारी. थर्मास पायाशी ठेवून म्हणाली, “तिला तू विचारलंस कधी?”

“काय?”

“मला ‘काय’ म्हणू नकोस.”

मी विचारलं नाही. मी तुमच्या रेसच्या सूटचा गुडघा शिवला. धडधाकट शिवण उसवून पुन्हा शिवली, म्हणजे तुम्हाला आणखी एकदा ट्रायलला दुकानात यावं लागेल. गाईच्या बाळंतपणातून तशाच चिखलाच्या बुटांनी तुम्ही यायचात आणि ताई दोन दिवस फरशी पुसत बसायची. कुरकुरत नव्हती, एवढ्यावरून मला समजायला हवं होतं.

पुढच्या रविवारी रेस नाही. मी तुमच्या गावी येतो आहे. सकाळच्या गाडीने. टायर, गिअर, हवा, आंधळं मांजर यांतलं काहीही बोलायला येत नाही. आईंची सोय, माझं दुकान, ताई, हे सगळं कसं जमायचं ते मला ठाऊक नाही. दुकान कुठेही उघडता येतं, कोट सगळ्या गावांत लागतात. ताईला विचारलं, तर तिने माझ्याआधी बॅग काढून ठेवली आहे.

नको असेल तर तसं कळवा. मी रागावणार नाही. पण कळवलं नाहीत, तर मी दारात उभा राहीन आणि या वेळी तोंडात टाचण्या नसतील.

आजवर प्रत्येक पत्राखाली ‘आपला नम्र’ असं लिहीत आलो. आज ते लिहवत नाही.

तुमचा,
मास्तर