सत्यशीलाच्या नावातला ‘ए’

माजलगाव
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५, दुपारी ४.१०

प्रिय सत्यशीलाअक्का,

आत्ता मी माझ्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात तुझा उशिराबद्दलचा खुलासा टाईप करत होतो. दोन ओळी झाल्या आणि हात थांबला.

मुंबईच्या व्हिसा केंद्राने मी भरलेला तुझा अर्ज परत पाठवला, कारण त्यातलं नाव पासपोर्टशी जुळत नव्हतं. एक ऑक्टोबरला तुला जर्मनीत मातीच्या संशोधनावर रुजू व्हायचं आहे. जागा राखून ठेवण्यासाठी तिथल्या प्राध्यापकबाईंनी उशिराचं कारण लेखी मागितलं आहे.

सकाळी तू म्हणालीस, “केंद्रवाल्यांनीच घोळ घातलाय, तसंच लिही.”

बाबांनी विचारलं, “आपल्या हनुमाननं तर चुकवलं न्हाई ना?”

तू हसलीस. “बारावी नापास हाय, पण स्पेलिंग लई पक्कं हाय त्याचं.”

अक्का, पासपोर्टवर तुझ्या नावात ‘वाय’नंतर ‘ए’ नाही. अर्ज भरताना मला ते दिसलं होतं. एवढी शिकलेली माझी बहीण परदेशात चुकीच्या नावाने कशी जाईल, असं वाटून मी तो ‘ए’ घातला. तुला विचारलंही नाही.

आता आपण केंद्राला दोष दिला आणि बाईंनी तिकडे चौकशी केली, तर जागा जाईल आणि खोटी तू ठरशील.

पाच वाजता तू प्रिंट घ्यायला येशील. हे पत्र मी देणार नाही, कारण दिलं, तर ते तुझ्या हातात ठेवून मी मागच्या दाराने निघून जाईन. अर्जच समोर ठेवीन, त्या ‘ए’वर बोट ठेवीन आणि तू मान वर करेपर्यंत तिथेच उभा राहीन.

तुझा भाऊ,
हनुमान