दोन चमचे, एकदम की एकेक

प्रिय बबडे,

जमलं! तुझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण मला समजलं. हसू नकोस. चिन्हं अजून मुंग्यांच्या रांगेसारखीच दिसतात, पण रांग कुठे निघालीय ते कळलं. आनंदाच्या भरात उलट्या चपला घालून खाली शिंप्याच्या दुकानात धावलो आणि त्याला म्हटलं, "अरे, एकटं असताना सारखं दिसणं म्हणजे सारखं असणं नव्हे!" त्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाला, "काका, बसा आधी. पाणी देऊ का?" तेव्हा ठरवलं, हे बबडीलाच सांगायचं, आणि तेही लिहून. फोनवर तू मधेच "ते राहू द्या बाबा, मागच्या खोलीत राहायला कधी येताय?" असं विचारतेस आणि माझं उत्तर ठरलेलं, की माझं इथं छान चाललंय. त्या प्रश्नावर येतोच, बगल देत नाहीये. पण आधी हे ऐक.

तू हा विषय घेतलास तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात काय झालं होतं, आठवतं? तू सांगत होतीस, की एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रामांचा गणितात अर्थ कसा लावायचा, हे मी शोधणार आहे. मी म्हटलं, अगं, प्रोग्रामला कसला आलाय अर्थ, तो चालतो नाहीतर बंद पडतो. तुझी आई कपबशा पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे तुमच्यासारखंच की." तू हसून हसून खुर्चीवरून घसरलीस. मी मात्र चिडलो आणि त्या चिडण्यातच वाचायला लागलो. शाळा अर्ध्यावर सुटलेली, इंग्रजी जे काही आलं ते लिफ्ट बसवता बसवता, त्यांच्या माहितीपुस्तकांतून. त्यामुळे तुझ्या पानांवर "धोका, हात घालू नये" असं कुठे लिहिलेलं नाही, याचंच मला आधी नवल वाटलं. खरं तर लिहायला हवं होतं.

लिफ्टमुळेच थोडा उजेड पडला म्हण. आमच्या कामावर एकदा शेजारी शेजारी दोन लिफ्ट बसवल्या होत्या. एकेक करून तपासल्या, दोन्ही झकास. दोन्ही मिळून चालू केल्या, तर बटण कुणीही दाबो, दोघी त्याच मजल्याकडे धावायच्या आणि बाकीचे लोक जिन्यात ताटकळत उभे. साहेब म्हणत, "अहो, एकेकटी तर बरोबर चालतेय!" आम्हीही मान डोलावत होतो. एकेकटी बरोबर चालते, यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आता तुझं ते उदाहरण. एक प्रोग्राम डब्यात एकदम दोन टाकतो. दुसरा आधी एक टाकतो, मग त्यात आणखी एक घालतो. एकेकट्यानं चालवा, डब्यात दोनच सापडणार, म्हणजे दोघांचा अर्थ एकच. आणि खाली तू लिहिलंयस, की तसं नाही. कितीतरी दिवस मी या ओळीपाशी अडलो होतो. दोन म्हणजे दोन, यात फरक तो कसला? काल सकाळी कपात साखर घालताना हात हवेतच थांबला. बबडे, तो मी आहे गं! एकदम दोन टाकणारी तुझी आई, आणि एकेक टाकणारा मी!

तुला आठवेल, चहा ओतण्याआधी कोऱ्या कपातच साखर घालायची आपल्या घरची पद्धत. तुझी आई दोन चमचे सटासट टाकून मोकळी व्हायची. मी एक टाकणार, खिडकीशी जाऊन रस्त्यावर काय चाललंय ते बघणार, मग येऊन दुसरा टाकणार. दोघांपैकी कुणीही एकट्यानं केलेला चहा प्यायलीस, तर कुणाचा कुठला ते ओळखता येणार नाही. पण दोघं एकदम स्वयंपाकघरात असलो की संपलं! मी खिडकीशी, तिला कपात एकच चमचा दिसायचा, "विसरले वाटतं" म्हणून ती एक घालायची, आणि मी परत येऊन माझा दुसरा घालायचो. झाला पाक! मग सुरू, "तुमचा हातच सैल", "माझा नाही, तुझा." मी शपथेवर सांगायचो, मी दोनच घातले. ती म्हणायची, मी तर कमी होती तेवढीच घातली. दोघंही खरं बोलत होतो! शेवटी मी कारागीर माणूस, दोष चमच्याला दिला आणि लहान चमचा आणला. चहा तरीही गोडच.

म्हणजे तुझं म्हणणं असं ना, की प्रोग्रामचा अर्थ नुसत्या शेवटच्या उत्तरात नसतो? मधे कुठे कुठे फट आहे, त्या फटीतून शेजारचा कधी हात घालू शकतो आणि त्यानं घातला तर पुढे काय होईल, हे सगळं धरून अर्थ. चुकत असेन तर कान धर. पण असं असेल, तर एकट्यानं चालवून बघणाऱ्याला त्या फटी कधी दिसणारच नाहीत. उत्तर रोज बरोबर येत राहील आणि तो म्हणत राहील, छान चाललंय.

तर बबडे, काल तो कप हातात घेऊन मी खिडकीशी गेलो, अगदी निवांत उभा राहिलो, परत आलो, दुसरा चमचा घातला आणि चहा प्यायलो. अगदी बरोबर झाला होता. तुझी आई गेल्यापासून माझा चहा एकदाही बिघडलेला नाही. एकदाही नाही गं. म्हणून हे पत्र. मागच्या खोलीतली तुझी पुस्तकं हलव, निदान पलंगावरची तरी. जावईबापूंना सांग, त्यांच्या इमारतीच्या लिफ्टचा तो खडखडाट आता मी कानाआड करणार नाही. येत्या रविवारी मी सामान घेऊन येतोय, परत जायचं तिकीट न काढता. सोमवारी सकाळी चहाची साखर मी घालणार, माझ्याच पद्धतीनं. एक चमचा घालीन आणि खिडकीशी जाईन. वळून बघणार नाही. तू स्वयंपाकघरातच थांब.

तुझाच,
एकेक चमचावाला बाबा